तेल पाजू नका, आधी धुवा: अण्णांच्या ऑक्टाव्हियाच्या लेदर सीटा

ड्रायव्हर सीटचा दाराकडचा फुगवटा, जो उतरताना मांडीखाली दबतो, तो हाताला कागदासारखा लागत होता. दाबला की करकर वाजायचा आणि बोट फिरवलं की बेज रंगाचे बारीक पोपडे नखात यायचे. ऑक्टोबर 2023 ची गोष्ट. मेकॅनिककडून गाडी नुकतीच आणली होती, बॅटरी, टायर, क्लच सगळं झालं होतं, एवढा खर्च करून मी आत बसलो आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, बाजूच्या सीटवर बसले आणि त्यांनी त्या सीटवरून एकदाच हात फिरवला आणि काही बोललेच नाहीत. मला ते जास्त लागलं.

गाडीबद्दल थोडं सांगतो. स्कोडा ऑक्टाव्हिया, 1.9 टीडीआय, लॉरिन अँड क्लेमेंट, 2007 चं मॉडेल, अण्णांनी 2010 मध्ये पुण्याहून सेकंडहँड घेतली. गंमत म्हणजे ती गाडी जोडली गेली आमच्याच गावात, छत्रपती संभाजीनगरला (तेव्हाचं औरंगाबाद), शेंद्र्याच्या प्लँटमध्ये, आमच्या सिडकोतल्या घरापासून 15-16 किलोमीटरवर. लॉरिन आणि क्लेमेंट हे दोघं 1895 मध्ये सायकली दुरुस्त करता करता स्कोडाची मूळ कंपनी काढणारे, दोघांचंही पहिलं नाव वात्स्लाव, हे अण्णा घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. आणि त्या सीटा म्हणजे आमच्या घराण्यात कुणाच्याही गाडीत आलेलं पहिलं लेदर. आम्हाला भेळ खाऊन बसायची परवानगी नव्हती. 2019 मध्ये अण्णांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, त्यांनी गाडी चालवणं सोडलं, मग लॉकडाऊन, मी पुण्यात, आणि गाडी गेटच्या आत पश्चिमेकडे काच करून चार वर्षं उभी. 2022 ला पंधरा वर्षं झाली म्हणून आरसी रिन्यू करून ग्रीन टॅक्स भरला, पण तेवढ्यापुरतीच हलली. आमच्याकडचं ऊन ज्यांना माहितीये त्यांना जास्त सांगायला नको. पुढच्या वर्षी मे महिन्यात मी कामावरची टेंपरेचर गन घरी आणली होती, दुपारी तीन वाजता, काचा बंद, सीटवर धरली तर 63 अंश दाखवलं. तसे चार उन्हाळे त्या कातड्याने काढले होते.

घरात बोलणी झाली की नवीन कव्हर घालून टाकू. जालना रोडवरच्या एका सीटकव्हरवाल्याकडे गेलो, त्याने दोन मिनिटं बघून सांगितलं, "भाऊ, हे लेदर मेलं आता, काढून टाका, नप्पा लेदर लावून देतो सात वर्षं वॉरंटीवर." त्याचं सॅम्पल उलटं करून बघितलं तर मागे विणलेलं कापड. म्हणजे रेक्झिन. हे सगळ्यांनी लक्षात ठेवा, दुकानात सांगतात ते नाव काहीही असो, तुकडा उलटा करा, खरं चामडं असेल तर मागची बाजू तंतुमय, लोकरीसारखी लागते, आणि कापडाची वीण दिसली तर ते पीव्हीसी किंवा पीयू आहे. वाईट असतं असं नाही, पण लेदर म्हणून पैसे देऊ नका. मी परत आलो. मेलंय की नाही ते आधी बघू म्हटलं.

आता इथे मी जी चूक केली ती सांगतो कारण आपल्याकडे दहातले आठ जण हीच करणार. माझे मामा, वय 78, शेतकरी, त्यांनी फोनवर सांगितलं की चामड्याला तेल पाजायचं असतं रे, आम्ही मोटेला पाजायचो, वहाणांना पाजायचो, नाहीतर तडकतं. मामांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मोटेचं कातडं, कोल्हापुरीचं कातडं, ते बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं, वर कसलाच रंगाचा थर नाही, तेल लावलं की पितं. म्हणून "पाजणे" हा शब्द. मी मागच्या सीटच्या एका कोपऱ्यावर कोमट खोबरेल चोळलं. त्या दिवशी संध्याकाळी काय सुंदर दिसलं, गडद, मऊ, मी तर फोटो काढून बहिणीला पाठवला. आठ दिवसांनी तो कोपरा चिकट, त्यावर धूळ बसून काळपट पट्टा, डिसेंबरच्या थंडीत सकाळी शिवणीत पांढरं थिजलेलं तेल दिसायला लागलं कारण खोबरेल 24 अंशांच्या खाली घट्ट होतं, आणि गाडीचं दार उघडलं की खवट वास. आणि खालचं चामडं? तसंच कडक.

मग मी शांतपणे वाचायला बसलो, दोन-तीन आठवडे, आणि पैठण गेटला जे काका आमच्या बुटांचे सोल बदलतात त्यांच्याकडे पण जाऊन बसलो. काकांनी पहिलीच गोष्ट विचारली, "पाण्याचा थेंब टाकून बघितला का?" नव्हता बघितला. घरी येऊन सीटवर एक थेंब टाकला. पाच मिनिटं तो थेंब गोटीसारखा तसाच बसून राहिला, कातडं जरासुद्धा गडद झालं नाही. मग तोच थेंब फुगवट्यावरच्या भेगेत टाकला, तर तीन-चार सेकंदात गायब, आणि तिथे तपकिरी डाग. सगळा प्रकार या दोन थेंबांत होता.

आजकालच्या, म्हणजे गेल्या तीसेक वर्षांतल्या बऱ्याच गाड्यांच्या सीटचं लेदर हे क्रोमवर कमावलेलं असतं. कच्चं कातडं चुन्यात टाकून केस काढतात, मग आम्ल, मग क्रोमियमचे क्षार, त्यातून ते निळसर होऊन बाहेर येतं म्हणून त्याला वेट ब्लू म्हणतात, मग रंग, मग तेल आणि पाण्याचं दुधासारखं मिश्रण आत मुरवतात, ते तंतूंच्या मधे जाऊन बसतं आणि त्यामुळे चामडं लवतं. आणि सगळ्यात वर रंगाचा थर आणि पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर फवारतात. म्हणजे आपण सीटवर जे हात लावतो ते चामडं नाहीच, तो रंग आहे, भिंतीवर असतो तसा. त्यावर तेल लावणं म्हणजे ऑइलपेंट मारलेल्या दाराला तेल पाजणं. वर राहणार, धूळ धरणार, जिथे भेग असेल तिथून जरासं आत जाणार आणि तिथे नंतर रंग बसू देणार नाही.

आणि दुसरी गोष्ट जी माझ्या डोक्यात आधी अजिबात नव्हती, ती म्हणजे लेदर वाळतं तेव्हा बहुतेक वेळा आधी पाणी जातं, तेल नाही. चांगल्या चामड्यात वजनाच्या दहा टक्क्यांच्या वर ओलावा असतो. सतत तापून तापून तो उडाला की तंतू एकमेकांना चिकटतात, कातडं आक्रसतं, कडक होतं. म्हणून त्याला ओलावा परत हवा, हळूहळू, आणि तो टिकावा म्हणून थोडं तेल, आणि हे दोन्ही एकत्र मिळतं ते दुधाळ पाण्याच्या बेसवरच्या कंडिशनरमध्ये. घट्ट मेणात किंवा खोबरेलात नाही.

कामाला दिवाळीनंतर नाही, थेट जानेवारीत लागलो, कारण थंडीत गाडीच्या आत बसून काम करता येतं आणि कुठलंही रसायन लावलं की लगेच वाळत नाही. सीटा काढल्या नाहीत. काढल्या असत्या तर काम सोपं झालं असतं, पण सीटखाली पिवळ्या कनेक्टरची वायर दिसली की ती एअरबॅगच्या सर्किटची असते, बॅटरी काढल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, आणि मला ते अंगणात करायचं नव्हतं. पुढची सीट पूर्ण मागे, मग पूर्ण पुढे, असं करत केलं.

पहिला दिवस फक्त व्हॅक्यूम. शिवणीच्या खाचांत चार वर्षांची वाळू, कडुलिंबाची वाळलेली पानं, बडीशेप, एक दोन रुपयांचं नाणं. हे कंटाळवाणं आहे पण ही वाळू राहिली आणि वर ब्रश मारला तर तीच वाळू पॉलिश पेपरचं काम करते. खाच दोन बोटांनी फाकवून, पातळ नळी लावून, प्रत्येक शिवण.

दुसऱ्या दिवशी धुणं. आणि मित्रांनो, खरं काम इथेच आहे. चामडं स्वभावाने आंबट असतं, साधारण पीएच 4-5, म्हणून कपड्याचा साबण, खायचा सोडा असलं काहीही चालत नाही, आज चकाचक दिसेल पण ते अल्कली आहे, थराला आणि शिवणीला हळूहळू खातं. लेदरसाठीचा पाण्याच्या बेसचा सौम्य क्लीनर आणला. घोड्याच्या केसांचा मऊ ब्रश. चार मायक्रोफायबर, सगळे पांढरे, मुद्दाम, म्हणजे काय निघतंय ते दिसतं. क्लीनर सीटवर ओतायचा नाही, ब्रशवर घ्यायचा, ब्रश तळहातावर फिरवून फेस काढायचा आणि तो फेस एका वेळी वीतभर जागेवर, गोल गोल, जोर न लावता.

पहिली वीतभर जागा मी बाजूच्या सीटच्या मांडीच्या भागावर घेतली. फेस पांढरा गेला, दहा सेकंदांत मळकट झाला, मग चहाच्या रंगाचा, आणि मग असा तपकिरी की मला वाटलं रंगच निघतोय आणि मी घाबरून थांबलो. ओल्या कपड्याने पुसलं. खाली जे दिसलं ते मी 2010 नंतर बघितलंच नव्हतं. फिकट, उबदार बेज, आणि त्याच्यावर चामड्याचे ते बारीक दाणे, छिद्रं, जे मला वाटत होतं की घासून गेलेत, ते गेले नव्हते, ते घामाच्या, धुळीच्या आणि कधीतरी वॉशिंग सेंटरवाल्याने मारलेल्या डॅशबोर्ड पॉलिशच्या थराखाली बुजले होते. बाजूच्या न धुतलेल्या भागाशी तुलना केली तर मधे सरळ रेघ, जशी आंघोळीनंतर मनगटावर घड्याळाची राहते. मी अण्णांना हाक मारली. ते काठी टेकत आले, वाकले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "हाच रंग होता बघ. मला वाटायचं माझ्या डोळ्यांमुळे पिवळं दिसतंय."

तिथून पुढे मला थकवा आला नाही. पाच सीटचं धुणं अडीच दिवस चाललं, काही जागा तीन तीन वेळा. जिथे खोबरेल लावलं होतं त्या कोपऱ्याला सगळ्यात जास्त त्रास दिला, तिथे आधी कोरड्या टिश्यूने दाबून दाबून तेल शोषून घेतलं, मग क्लीनर, मग परत टिश्यू, असं चार दिवस रोज. मागच्या सीटवर जीन्सचा निळा डाग होता तो फिका झाला, पूर्ण गेला नाही. आणि धुताना अजून एक शोध लागला, की पुढच्या सीटच्या पाठीमागचा भाग आणि बाजूच्या पट्ट्या लेदर नाहीतच, चांगल्या प्रतीचं रेक्झिन आहे. दाणा जवळपास सारखा, पण लेदरचा दाणा कुठेच एकसारखा नसतो आणि रेक्झिनचा शिक्का मारल्यासारखा परत परत तोच येतो. अण्णांना हे सांगितलं नाही. पण हे कळलं ते बरं झालं, कारण रेक्झिनवर कंडिशनर लावून काही उपयोग नाही, पुसलं की झालं.

धुतल्यावर एक पूर्ण दिवस काहीच केलं नाही. दारं उघडी, पंखा लावून, सावलीत. उन्हात वाळवू नका, हेअर ड्रायरने वाळवू नका, ज्या ओलाव्यासाठी सगळं चाललंय तोच उडतो.

कंडिशनर लावणं हे बोलण्यासारखं फार नाही, फक्त धीर पाहिजे. मी दुधाळ पातळ वाला घेतला. कापडावर रुपयाच्या नाण्याएवढा, सीटच्या एका पॅनेलला तेवढाच, पातळ पसरवायचा, अर्धा तास सोडायचा, वर राहिलेला कोरड्या कापडाने पुसून टाकायचा. पुसलाच पाहिजे. वर राहिला तर चिकट होतो आणि आपण परत खोबरेलावर आलो. पहिल्या हातानंतर काही फरक वाटला नाही. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. मी काय केलं की दुपारी गाडी तासभर कोवळ्या उन्हात लावून सीट कोमट झाल्यावर सावलीत आणून लावायचो, कोमट कातडं जास्त घेतं. थर असलेलं लेदर थेट वरून फार थोडं घेतं, शिवणीच्या छिद्रांतून, भेगांतून आणि थर झिजलाय तिथून जास्त, म्हणून एकदम बाटलीभर ओतण्यापेक्षा थोडं थोडं आणि रोज. पाचव्या दिवशी मागची सीट दाबली तर ती कागदासारखी वाजली नाही. दाबल्यावर सुरकुती पडायची ती गोल पडायला लागली, आधी ती टोकदार, मोडल्यासारखी पडायची. मी त्या सुरकुतीवर अंगठा दाबून सोडत किती वेळ बसलो होतो कुणास ठाऊक, बायको चहा घेऊन आली तेव्हा भानावर आलो.

बाजूची सीट आणि मागची सीट इथेच संपली. रंग नाही, फिलर नाही, काही नाही. सीटकव्हरवाला ज्याला मेलं म्हणत होता त्यातलं निदान ऐंशी टक्के फक्त मळलेलं आणि तहानलेलं होतं.

पण ड्रायव्हर सीट वेगळी. तिच्या फुगवट्यावर आठ-नऊ भेगा होत्या, दोन तर नख आत जाईल एवढ्या, आणि हे कंडिशनरने भरत नाही. बाटलीवर काय लिहिलंय त्यावर जाऊ नका, तुटलेला तंतू तुटलेलाच, कंडिशनर त्याला पुढे तुटण्यापासून वाचवतो, जोडत नाही. इथे मला ठरवायचं होतं की तेवढा तुकडा बदलून घ्यायचा की भरायचा. पैठण गेटच्या काकांना गाडीच दाखवायला नेली. त्यांनी भेगेच्या दोन्ही कडा अंगठ्यांनी जवळ आणल्या, आत बघितलं आणि सांगितलं की आरपार नाहीये, खालचा पापुद्रा शाबूत आहे, भर. आरपार असती तर खालून कापडाचं ठिगळ चिकटवायला लागलं असतं.

रिपेअर किट मागवलं, त्यात बाइंडर, फिलर, रंग आणि वरचा मॅट थर. सगळं धरून, क्लीनर कंडिशनरसकट, साडेसहा हजारांच्या आत झालं. सुरुवात आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसण्यापासून, कारण आता उलटं काम आहे, इथे तेलाचा, कंडिशनरचा कण राहता कामा नये, नाहीतर रंग सालासारखा निघतो. म्हणूनच मी या फुगवट्याला कंडिशनर मुद्दाम लावला नव्हता. मग 600 चा पॉलिश पेपर अगदी हलक्या हाताने, उठलेले पोपडे आणि भेगेच्या वळलेल्या कडा बसेपर्यंत, मग 1000 चा. मग बाइंडर, हे पाण्यासारखं पातळ असतं, स्पंजने लावलं की उघड्या तंतूंत मुरतं आणि त्यांना धरून ठेवतं. वाळवून परत, वाळवून परत, मी सात हात दिले. इथे हेअर ड्रायर चालतो, लांबून, मंद.

फिलरला माझी घाई नडली. रविवार संपत आला होता, दुसऱ्या दिवशी मला पुण्याला निघायचं होतं, म्हणून पुट्टी भरतात तशी पट्टीने भेग एकाच हातात गच्च भरली. वरून वाळल्यासारखं दिसलं. पुढच्या शनिवारी येऊन त्या सीटवर बसलो, उठलो, बघितलं तर भरलेली भेग मधोमध परत फाटलेली, आणि आत फिलर अजून ओला, चिकट. सगळं टाचणीने उकरून काढलं. मन खट्टू झालं पण घाईचं काम नव्हतंच हे, अण्णा पण दारात उभे राहून म्हणाले, "अरे, गाडी कुठे पळून जातेय का? राहू दे आज." दुसऱ्यांदा भरताना कागदाएवढा थर, वीस मिनिटं थांबून दुसरा, असे पाच-सहा थर, प्रत्येक दोन थरांनंतर हलकासा पेपर. आणि एक युक्ती, भरताना फुगवटा मागून दाबून भेग जराशी उघडी ठेवायची, म्हणजे माणूस बसल्यावर चामडं ताणलं जाईल तेवढा फिलर आत आधीच असतो. हे काकांनी शिकवलं, बुटाचा पुढचा भाग जिथे मुडपतो तिथे ते असंच करतात.

रंग जुळवणं हे माझ्या मते सगळ्यात अवघड. किटमधला बेज हा आमचा बेज नव्हता. मूळ रंग कुठे बघायचा तर जिथे ऊन कधी लागलंच नाही तिथे, मी हेडरेस्ट वर काढलं, त्याच्या दांड्याच्या भोकाभोवतीचं लेदर एकदम कोरं होतं. पण तो रंग घेतला तर बाकी सीट, जी सोळा वर्षं उन्हात राहिलीये, तिच्या शेजारी फुगवटा नवा कोरा चमकेल. म्हणून आज जी सीट आहे तिच्याशी जुळवायचं ठरवलं. बेजमध्ये टूथपिकच्या टोकाने पिवळा, मग तपकिरी, मग अगदी सुईच्या टोकाएवढा काळा. बटाट्याच्या चकत्या कापाव्या तसे पांढऱ्या प्लॅस्टिकच्या झाकणाचे तुकडे कापले, प्रत्येकावर एक एक मिश्रण लावून वाळवलं, कारण ओला रंग फिका दिसतो आणि वाळला की गडद होतो. रात्री ट्यूबलाइटखाली एकदम जुळलेला रंग सकाळी उन्हात हिरवट दिसला. तेरावा तुकडा जुळला. दिवसाच्या उजेडातच जुळवा, एवढंच सांगतो.

रंग ब्रशने लावला नाही, रेघा पडतात. स्पंजचा तुकडा, त्यावर थोडासा रंग, टिपकागदाने शाई टिपावी तसा टप टप टप. पहिला हात इतका विरळ की काही झाकलंच जात नाही असं वाटतं. चौथ्या हाताला भेगा दिसेनाशा झाल्या. कडांना रंग बाहेर शिवणीपर्यंत ओढत नेला, मधेच थांबवला नाही, म्हणजे जुनं नवं कुठे मिळालं ते कळत नाही. दोरा रंगू नये म्हणून शिवणीवर मास्किंग टेप, तरी दोन टाके रंगले, ते ओल्या काडीच्या कापसाने लगेच पुसले. वरचा मॅट थर हार्डनर घालून तीन हात. तकाकी नको होती, नवीन असताना पण त्या सीटा कधी चमकत नव्हत्या, खरं लेदर साबणाच्या वडीसारखं मंद असतं. मग तीन दिवस त्या सीटवर कुणी बसायचं नाही म्हणून मी स्टिअरिंगला दोरीने चिठ्ठी बांधून पुण्याला गेलो.

फुगवट्याच्या वर, पाठीच्या बाजूला, एक दीड इंचाचा चरा आहे. 2012 मध्ये आई दवाखान्यातून आली तेव्हा तिला अण्णांच्या बाजूने उतरवलं होतं आणि तिच्या शालीची सेफ्टीपिन घासली गेली. तो मी भरायला घेणार होतो, अल्कोहोलचा कापूस पण हातात घेतला होता. अण्णा म्हणाले, "तो राहू दे." राहू दिला. फक्त धुतला.

आता या गोष्टीला दोन उन्हाळे होऊन गेले. पत्र्याची शेड घातली, गाडीचं तोंड पूर्वेला केलं, पुढच्या काचेला चांदीसारखं सनशेड लावतो, दोन महिन्यांतून एकदा ओल्या कापडाने पुसून पातळ कंडिशनर, अर्धा तास, बास. घरच्यांना मागच्या खिशात पाकीट किंवा चावी ठेवून बसायला मनाई आहे आणि उतरताना फुगवट्यावर भार देऊन घसरायचं नाही, आधी पाय बाहेर, मग उठायचं. मागची सीट आजही मऊ आहे. ड्रायव्हर सीटच्या सगळ्यात मोठ्या भेगेच्या खालच्या टोकाला, शिवणीपाशी, या जूनमध्ये केसाएवढी रेघ परत दिसलीये, साधारण सेंटीमीटरभर. रंगाचं झाकण जपून ठेवलंय, त्यावर तेराव्या तुकड्याचं प्रमाण लिहिलंय, पाऊस संपला की दोन दिवसांची सुट्टी काढून येतो असं अण्णांना सांगितलंय. ते रोज संध्याकाळी पाच वाजता जाऊन बाजूच्या सीटवर बसतात, दार उघडं ठेवून, रेडिओ लावून, आणि त्यांचा हात सीटच्या कडेवर असतो.